विहीर, पाट, शेततळ्याकाठी ट्रॅक्टर चालवताना

४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजूर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या ७ महिला त्यात मरण पावल्या. तिघांना वर काढता आले. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, आपल्या जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील जांबवाडीजवळ बोलेरो गाडी रस्त्याकडेच्या विहिरीत जाऊन ४ तरुण दगावले होते. एकीकडे ट्रॅक्टर, दुसरीकडे जीप. पण दोन्हीकडे विहीर वाटेला लागून होती.

अशी बातमी आली की गावात चार दिवस चर्चा होते, ड्रायव्हरला शिव्या दिल्या जातात आणि पाचव्या दिवशी आपला ट्रॅक्टर पुन्हा त्याच विहिरीच्या कडेने जातो. ड्रायव्हरची चूक असते, नाही असे नाही. पण विहिरीच्या कडेने वाट कुणी काढली, काठ कशाने ढिला झाला, ट्रॉलीत माणसे कुणी बसवली, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून हा लेख ट्रॅक्टरमालक आणि चालक यांच्यासाठी आहे, तसाच सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांच्यासाठीही आहे.

वाट अडली, ट्रॅक्टर बांधावर चढला

जुन्या नकाशावर बैलगाडीची वाट वेगळी आहे आणि विहीर वेगळी आहे. आपल्या वाडवडिलांनी विहिरीच्या काठावरून गाडीवाट काढलेली नव्हती. मग आज ट्रॅक्टर तिथून का जातो? पाणंद दोन्ही बाजूंनी नांगरून खाल्ली, राहिलेल्या चार फुटांत वेड्या बाभळी आल्या, मग ज्याला जसे जमेल तसा तो बांधावरून जाऊ लागला. विहिरीच्या आजूबाजूला पीक नसते, जागा मोकळी दिसते, तिथूनच चाकोरी पडते. दोन पावसाळे गेले की तिलाच लोक रस्ता म्हणतात.

वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. जमिनीच्या हद्दीवरून नवीन वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. पाणंद करण्यासाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली. पाणंदीचा प्रस्ताव करताना लांबी-रुंदी लिहितोच आपण. त्याच कागदावर वाटेला लागून किती विहिरी आहेत, त्यातल्या किती बिनकठड्याच्या आहेत आणि किती वापरात नाहीत, एवढी नोंद घातली तर बिघडत नाही. शिवारफेरीत एका दिवसात होणारे काम आहे. पडीक विहिरी तर हमखास नोंदवाव्यात, कारण त्यांच्या तोंडावर गवत आणि वेल पसरून विहीर आहे हेच कळत नाही.

काठ वरून घट्ट, आतून पोकळ

आपल्याकडे गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. उन्हाळ्यात ती फाटते. इतर ठिकाणी भेगा कशाही पडतात, पण विहीर, ओढा किंवा पाटाच्या कडेला काठाला समांतर लांबच लांब भेग पडते. ती दिसली की समजावे, पुढचा तुकडा मूळ जमिनीपासून सुटला आहे, नुसता टेकून उभा आहे. वळवाचे पाणी या भेगेत उतरते, माती फुगते, आणि मधल्या तुकड्याला विहिरीकडे रेटते. त्यावर ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चढवला म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन आले. मागे पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर असेल तर आणखी तीन-चार क्विंटल. शिवाय इंजिनाचा हादरा. माणूस चालून गेला, बैल चालून गेला, म्हणून ट्रॅक्टर जाईल हा हिशेब चुकीचा आहे.

भेग नसली तरी घुशींची बिळे आणि खेकड्यांची भोके बघावीत. काठावरची झाडे बघावीत. लिंबाचे किंवा बाभळीचे झाड पाण्याकडे नव्याने झुकले असेल तर काठ सरकतो आहे. नदीकाठी तर आणखी एक भानगड आहे. वाळू उपसून उपसून पात्र खोल गेले, आणि पुराने खालून काठ पोखरला. वरून शेत सपाट दिसते, प्रत्यक्षात शेवटचे पाच-सात फूट खाली काही नसते. असा काठ एकदा पलीकडच्या तीरावरून पाहून घ्यावा. आपल्या शेतात उभे राहून तो कधीच दिसत नाही.

पाणी गेले की धोका वाढतो

हा मुद्दा शेतकऱ्यांना सांगितला की पटकन पटत नाही. पाट दुथडी भरून चालला आहे तेव्हा माणूस आपोआप सावध असतो. पण काठ ढासळतो तो बऱ्याचदा आवर्तन बंद झाल्यावर. कारण सोपे आहे. आठ-पंधरा दिवस पाणी चालले, भरावा आतपर्यंत भिजला, जड झाला. पाटात पाणी होते तोवर त्या पाण्याचाच काठाला आतून आधार होता. वरून पाणी बंद केले, एक-दोन दिवसांत पाट रिकामा झाला. आधार गेला, पण भराव्यातले पाणी इतक्या लवकर निघत नाही. ओली जड माती बिनआधाराची उभी राहते. नेमके याच वेळी आपण 'आता पाणी गेले' म्हणून ट्रॅक्टर पाटाच्या कडेने घालतो.

पूर ओसरल्यावरचा नदीकाठ आणि मोटारीने झपाट्याने उपसलेले शेततळे यांना हाच न्याय लागू आहे. आवर्तनानंतर किमान आठवडाभर भराव्यावर आणि चारीच्या कडेला जड वाहन नेऊ नये. काळ्या मातीत त्याहून जास्त दिवस थांबावे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटाकाठच्या लोकांना चार पिढ्यांची सवय आहे. कुठला भरावा पोकळ, कुठली मोरी अरुंद, हे त्यांना तोंडपाठ असते. निळवंड्याच्या लाभक्षेत्राचे तसे नाही. तिथे डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अकोले, संगमनेर, राहाता भागातील ज्या जिरायती गावांनी आजवर पाट पाहिला नव्हता, त्यांच्या शेतालगत आता खोल कालवा आला आहे. पाणी आले याचा आनंद मोठाच आहे. पण तिथल्या पोरांना कालव्याची सवय नाही, हे घरच्या मोठ्यांनी ध्यानात घ्यावे. अस्तरीकरण केलेल्या पाटाच्या उतारावर शेवाळ धरते, पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर निघता निघता दमतो. सेवापथ हा पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी आहे. उसाच्या ट्रॉल्या नेण्यासाठी तो बांधलेला नाही.

किती अंतर ठेवायचे?

साधा हिशेब असा. ओढा, चारी, पाट किंवा नाला जितका खोल, कमीत कमी तितके अंतर काठापासून चाकापर्यंत सोडावे. ओढा आठ फूट खोल असेल तर चाक काठापासून आठ फुटांच्या आत नको. जमीन ओली असेल, भरावाची असेल किंवा वाळूमिश्रित असेल तर दुप्पट.

विहिरीला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. पन्नास फूट खोल विहिरीभोवती पन्नास फूट कोण सोडणार? विहिरीत खाली खडक असतो; ढासळतो तो वरचा माती-मुरुमाचा थर. दगडी किंवा सिमेंटचे बांधकाम चांगले असले तरी माझे मत असे की किमान १५ ते २० फूट जागा नांगरू नये. जुन्या मोटेच्या विहिरींना याहून जास्त जागा सोडावी. त्यांच्या धावेची जागा नंतर माती टाकून भरलेली असते. आजच्या पोरांना तिथे धाव होती हेही ठाऊक नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, तो बरोबर जागा दाखवतो.

'साहेब, एवढी जागा पडीक ठेवली तर पिकवायचे काय?' हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. पडीक ठेवू नका. तिथे गवत लावा. घास, मारवेल, कडेला शेवगा, जे ट्रॅक्टरशिवाय होते ते करा. गवताच्या मुळ्यांनी काठही धरून राहतो. कठडा बांधायला लगेच पैसे नसतील तर चार दगडी खांब रोवून त्यांना पांढरा चुना फासा. रात्री उजेडात ते दिसतात. नुसत्या बाभळीच्या फेसाटीचे कुंपण माणसाला थांबवते, ट्रॅक्टरला थांबवत नाही. पण 'इथे काहीतरी आहे' एवढे तरी सांगते.

नांगरताना शेवटची तासे काठाकडे तोंड करून घेऊ नयेत. काठाला समांतर तास घ्यावे आणि वळण आतल्या अंगाला घ्यावे. वळताना नजर मागच्या औतावर असते, पाय क्लचवर आणि हात लिफ्टच्या दांड्यावर. तेवढ्यात पुढचे चाक कुठे गेले ते कळत नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात १३-१४ फूट जातो.

शेततळ्याचा बांध म्हणजे रस्ता नव्हे

फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शिवारात शेततळी झाली. सर्वात मोठा आकार ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर. म्हणजे पाणी दोन पुरुषांच्या जवळपास. बांध कशाचा, तर तळ्यातून निघालेल्या मोकळ्या मातीचा. तो दाबलेला असतो, पण पाणी अडवण्यापुरता. त्यावरून ट्रॅक्टर नेणे, फवारणीचा ब्लोअर भरायला बांधावर चढवणे, ट्रॉली मागे घेत घेत काठापर्यंत आणणे, हे सगळे बंद केले पाहिजे. पाइप लांब घ्या. पन्नास फूट पाइपाची किंमत आणि ट्रॅक्टरची किंमत काढून बघा.

प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात पडलेला माणूस वर चढू शकत नाही. ओले प्लास्टिक, त्यावर शेवाळ, उतार तीव्र. म्हणून चारही बाजूंनी पक्क्या खुंट्यांना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब दोर बांधून काठावर असावी. दोर उन्हाने सडतो, दर वर्षी बदलावा. कुंपण तर हवेच.

ट्रॅक्टरचे स्वतःचे काही गुण

ट्रॅक्टरला दोन ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात कमी जागेत वळायला एका बाजूचा ब्रेक उपयोगी पडतो. पण वाटेवर किंवा काठाजवळ दोन्ही पायब्रेक कडीने जोडलेले नसतील आणि घाईत पाय एकाच ब्रेकवर पडला, तर ट्रॅक्टर थांबत नाही, गर्रकन एका बाजूला फिरतो. ती बाजू विहिरीची असली की संपले. शेतातून बाहेर पडताना कडी लावायची सवय चालकाच्या अंगी पडली पाहिजे. अनेक ट्रॅक्टरांची ही कडी तुटलेली किंवा गंजलेली असते. वेल्डिंगवाल्याकडे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरे, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर. चिबड जमीन, ओढ्याचा उतार, किंवा नेवासा-शेवगावकडे जायकवाडीच्या फुगवट्यातली गाळपेर. गाळपेरीत वर पापुद्रा वाळलेला असतो, खाली लोणी. चाक रुतले की आपले लोक काय करतात? मागच्या चाकाला लाकडी ओंडका बांधतात आणि पहिल्या गिअरमध्ये जोर देतात. ओंडका अडला, चाक फिरायचे थांबले, पण इंजिनाचा जोर कुठे तरी जाणारच. चाक फिरत नाही म्हटल्यावर ट्रॅक्टरचे धूड चाकाभोवती फिरते. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलथतो. एक-दीड सेकंदात खेळ होतो, उडी मारायला वेळ मिळत नाही. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो मागे घेऊन काढावा. ते जमले नाही तर चाकापुढची माती उकरावी, औत सोडावे, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला साखळी ड्रॉबारलाच लावावी, वरच्या लिंकच्या जागी किंवा धुऱ्याला कधीच नाही. जेवढी साखळी उंच, तेवढा ट्रॅक्टर मागे पडण्याचा संभव जास्त. ओढताना बाकीच्यांनी लांब उभे राहावे, कारण तुटलेली साखळी माणूस ओळखत नाही.

तिसरे, उतार. अकोल्याकडचे घाटरस्ते, पारनेर-पाथर्डीकडच्या टेकड्या, ओढ्याचे उतार. उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनावर उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणारे चालक आजही आहेत. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून ढकलायला लागल्या की ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉल्या त्याच्यावर येतात. आडव्या उतारावर औत खाली ठेवून, हळू आणि मोठे वळण घेऊन चालवावे. वेग दुप्पट केला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

पाण्याच्या टँकरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण टंचाईत आपल्या दक्षिण भागात ट्रॅक्टरचे टँकर दिवसरात्र फिरतात. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर जास्त फसवतो. ५,००० लिटरचा टँकर अर्धा असेल तर अडीच टन पाणी आत मोकळे हिंदकळते. वळणावर ते सगळे एका बाजूला जाते. आणि विहिरीवर टँकर भरताना तो मागे घेत काठाला लावतात, चाकाला दगडसुद्धा नसतो. काठापासून लांब, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकाला दोन्हीकडून दगड लावून टँकर उभा करावा. सांडलेल्या पाण्याने तीच जागा रोज चिखल होते, म्हणून तिथे मुरूम टाकून घ्यावा.

उलटल्यावर चालक वाचावा म्हणून सीटमागे लोखंडी संरक्षक चौकट असते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर ती १९५९ सालीच सक्तीची केली आणि पुढे तिथले असे मृत्यू खूपच कमी झाले. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नसते. उन्हासाठी बसवलेले छप्पर म्हणजे ती चौकट नव्हे. ते पत्र्यासारखे चेपते. नवीन ट्रॅक्टर घेताना ही चौकट मिळते का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. टेप आणि बंपरची चौकशी आपण करतोच. चौकट असेल तर सीटबेल्ट लावावा. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र स्वतःला बांधून घेऊ नये.

मडगार्डवर पोरगं

मडगार्डवर बसलेले पोरगं, ड्रॉबारवर उभा गडी, ट्रॉलीत पंधरा बाया. यात नवीन काही नाही, पण आलेगावात गेल्या त्या ट्रॉलीतल्या बायाच. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे. तिच्यात माणसे नेताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येते. मजूर आणायला दुसरी गाडी परवडत नसेल, तर निदान विहीर, मोरी, ओढा आला की ट्रॉली थांबवून सगळ्यांना खाली उतरवावे आणि पलीकडे गेल्यावर बसवावे. दोन मिनिटे जातात. परवाना नसलेल्या पोराच्या हाती स्टिअरिंग देऊ नये. १८ वर्षांखाली तर नाहीच. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुवायला नदीत, फुगवट्यात घालण्याची हौस असते. पात्रात वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत ते पाण्यावरून दिसत नाही. पाणी बादलीने आणून धुवावा.

पडलाच तर

आधी आरडाओरड करून माणसे जमवा आणि ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोर, ट्यूब, लांब वासा, घरातली बाज दोरांनी सोडा. पोहता येते म्हणून उडी टाकू नका. आपल्याच नेवासा तालुक्यात वाकडी येथे ९ एप्रिल २०२४ रोजी मांजर काढायला शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत ५ जण गेले. जुन्या बंद विहिरीत विषारी वायू असू शकतो, आणि बुडालेल्या ट्रॅक्टरचे डिझेल पाण्यावर पसरलेले असते. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि दोर धरणारे चार जण वर असल्याशिवाय कोणी उतरू नये.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. उताणा झोपवून, मान किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा. गावातल्या चार-सहा तरुणांना प्राथमिक आरोग्य केंद्रात हे एकदा शिकवून आणले तर ते विहिरीला, सर्पदंशाला, विजेच्या धक्क्याला, सगळीकडे कामाला येते.

मदतीबाबत

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. २०२३ पासून ही योजना विमा कंपनीमार्फत नाही, शासनाकडूनच चालते. वय १० ते ७५ वर्षे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील नाव नसलेली एक व्यक्ती यांना लाभ आहे. बुडून झालेला मृत्यू आणि वाहन अपघात दोन्ही यात बसतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आपण अजून ज्यांना कृषी सहायक म्हणतो) ताबडतोब कळवले तर कागद जुळवायला मदत होते. सातबारा, वारस नोंद, वयाचा दाखला, मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात लोक पोलिसांना न कळवता अंत्यविधी उरकतात, मग पंचनामा आणि शवविच्छेदन दोन्ही राहून जाते आणि प्रकरण तिथेच अडते. मयत स्वतः ट्रॅक्टर चालवत असेल तर त्याचा वैध वाहन परवानाही जोडावा लागतो. ज्यांचा परवाना संपला आहे त्यांनी तो या हंगामाआधीच नूतनीकरण करून घ्यावा.